मंत्री ‘विचाराधीन आहे’ म्हणतात तेव्हा फाईल नेमकी कुठे असते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या व्यवसायासाठी केंद्राचा नवा कायदा येणार, अशी चर्चा दोन वर्षं चालू आहे. संघटनेच्या विनंतीवरून तुमच्या खासदारांनी लोकसभेत अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तर मिळणारा, प्रश्न टाकला. कायदा आणणार का, त्यात काय असेल, केव्हा आणणार, आणणार नसाल तर का नाही, असे त्याचे चार भाग. उत्तर आलं दोन ओळींचं: ‘संबंधित घटकांशी सल्लामसलत सुरू आहे. कायदा करणे ही दीर्घ प्रक्रिया असल्याने निश्चित कालमर्यादा सांगता येणार नाही.’ आता तुम्ही विचारता आहात की मंत्र्यांनी टोलवाटोलवी केली का, कायदा येणार की नाही, आणि पुन्हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ आहे का.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात बरीच वर्षं संसदेच्या प्रश्नांची उत्तरं तयार करायचं काम केलं. आधी कक्ष अधिकारी होते, नंतर अवर सचिव. असल्या दोन ओळी मी स्वतः कितीतरी वेळा लिहिल्या आहेत, म्हणून त्यांच्या मागे काय असतं ते सांगू शकते.

तुमच्या तिन्ही शंकांची थेट उत्तरं आधी देते. टोलवाटोलवी म्हणता येणार नाही. त्या क्षणी फाईलवर जेवढं होतं तेवढंच उत्तरात आलं असावं. कायदा येईलच असंही त्यातून निघत नाही. पुन्हा विचारण्यात मात्र खूप अर्थ आहे, फक्त तोच प्रश्न विचारू नका. तुम्ही ‘केव्हा’ विचारलंत, आणि येऊ घातलेल्या कायद्याबद्दल मंत्री जवळजवळ नेहमी फक्त ‘कुठवर’ एवढंच सांगू शकतात. खरी अडचण इथे आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बाजूला काढते. कायद्याचं नाव तुम्ही दिलेलं नाही. मसुदा जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला होता का, विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, आहे का, त्यावर न्यायालयात काही चालू आहे का, यावर त्या दोन ओळींचा अर्थ बराच बदलतो. मसुदा प्रसिद्ध होऊन सूचनांची मुदत संपली असेल, तर ‘सल्लामसलत सुरू आहे’ म्हणजे आलेल्या सूचनांचे तक्ते बनवून त्यावर शेरे मारायचं काम चाललंय. मसुदाच बाहेर आला नसेल, तर त्याच शब्दांचा अर्थ दोन-चार बैठका झाल्या एवढाच असू शकतो. वाक्य एकच, पण दोन्हींत कामाचं अंतर वर्षभराचंही असू शकतं.

आता उत्तर तयार कसं होतं ते बघा, म्हणजे शब्द इतके मोजूनमापून का येतात ते कळेल. खासदाराला किमान 15 दिवस आधी सूचना द्यावी लागते. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित प्रश्न असतात. प्रश्न लोकसभा सचिवालयाकडून मंत्रालयाच्या संसद कक्षात येतो, तिथून विषय ज्या शाखेकडे असेल तिच्याकडे. शाखेच्या टेबलावर तो पोचतो तेव्हा पंधरातले बरेच दिवस संपलेले असतात. कक्ष अधिकारी मसुदा लिहितो, तो अवर सचिव, संचालक, सहसचिव, सचिव असा चढत मंत्र्यांपर्यंत जातो, आणि बहुतेक पायऱ्यांवर त्यातले शब्द कमी होतात.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातला एक मसुदा मला अजून आठवतो. मी लिहिलं होतं, ‘विधेयक लवकरच मांडण्यात येईल.’ सहसचिवांनी ‘लवकरच’भोवती पेन्सिलने गोल काढला आणि समासात तीन शब्द लिहिले: ‘फाईलवर कुठे आहे?’ मी फाईल उलटसुलट चाळली. बैठकांचे इतिवृत्तांत होते, दोन मंत्रालयांची पत्रं होती, मसुद्याची तिसरी आवृत्ती होती. ‘लवकरच’ला आधार देईल असा एकही कागद नव्हता. मी तो शब्द काढला. त्यानंतर कुठलंही उत्तर लिहिताना प्रत्येक क्रियापदापुढे मनात तोच प्रश्न ठेवायची सवय लागली. तुम्हीही उत्तर वाचताना उलट बाजूने हीच सवय लावा: हे वाक्य लिहिणाऱ्याच्या समोर कुठला कागद असेल?

हा काटेकोरपणा निव्वळ नोकरशाहीचा स्वभाव नाही. सभागृहात दिलेली माहिती चुकीची निघाली तर मंत्र्याला उभं राहून दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली असं दिसलं तर हक्कभंगाची सूचना येऊ शकते. संविधानाच्या अनुच्छेद 75 नुसार मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. एक मंत्री बोलतो तेव्हा ते सगळ्या सरकारचं बोलणं ठरतं. मग ज्या गोष्टीवर सरकारचा निर्णयच झालेला नाही, ती एका मंत्र्याने कशी सांगावी?

कायद्याच्या बाबतीत हा निर्णय म्हणजे मंत्रिमंडळाची मान्यता. केंद्राच्या 1961 च्या कार्यपद्धती नियमांनुसार कायदा करण्याचे प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे जावेच लागतात. तोवर मंत्र्याच्या हातात असतो तो फक्त त्याच्या मंत्रालयाचा विचार. अर्थ मंत्रालय त्यावर खर्चाचा आक्षेप घेऊ शकतं, गृह मंत्रालय एखादं कलम नको म्हणू शकतं, विधी व न्याय मंत्रालय विचारू शकतं की हा अधिकार केंद्राचा आहे की राज्यांचा. म्हणून ‘त्यात काय असेल’ हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मंजुरीआधी विचारला तर उत्तर कोरडंच येणार. मंजुरी मिळाल्यावरही तपशील लगेच बाहेर येत नाही. मंत्री विधेयक मांडण्याची सूचना सात दिवस आधी देतात, आणि विधेयकाच्या प्रती सदस्यांना मांडण्याच्या दोन दिवस आधी मिळाव्यात असा लोकसभा अध्यक्षांचा निर्देश आहे. निकड दाखवून यात सूटही घेतली जाते. एकूण काय, खासदारांच्या स्वतःच्या हातात प्रत येते तीच इतकी उशिरा.

दुसरं कारण असं की मसुदे खरोखर बदलतात, अगदी मुळापासून. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचा प्रवास आठवा. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै 2018 मध्ये अहवाल आणि मसुदा दिला. डिसेंबर 2019 मध्ये विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. समितीचा अहवाल यायला डिसेंबर 2021 उजाडला. त्यात 81 दुरुस्त्या आणि 12 शिफारशी होत्या. ऑगस्ट 2022 मध्ये सरकारने ते विधेयकच मागे घेतलं. नोव्हेंबरमध्ये संपूर्ण नवा, बराच आटोपशीर मसुदा आला, आणि ऑगस्ट 2023 मध्ये कायदा झाला. या पाच वर्षांत संसदेत ‘कायदा केव्हा’ असं विचारणाऱ्या कुणाला मंत्र्यांनी तारीख दिली असती, तर ती बहुधा चुकली असती. आणि 2020 मध्ये कुणाला ‘त्यात काय आहे’ याचं अगदी नेमकं उत्तर मिळालं असतं, तरी ते अशा विधेयकाबद्दल असतं जे पुढे कायदा झालंच नाही.

म्हणून उत्तर वाचताना क्रियापद आणि त्याला चिकटलेले शब्द बघा. मी ज्या भाषेत काम केलं तिची थोडी फोड करून सांगते.

‘असा कोणताही प्रस्ताव सध्या विचाराधीन नाही’ हे सगळ्यात स्पष्ट उत्तर. त्यातला ‘सध्या’ बघा. तो असला तर दार बंद आहे पण कुलूप लावलेलं नाही. नसला तर मंत्रालयाने विषय बाजूला ठेवलाय. ‘निवेदने प्राप्त झाली आहेत’ म्हणजे तुमच्यासारख्यांची पत्रं आली, नोंद झाली. त्यापुढे काही घडल्याचा दावा त्यात नाही. ‘तपासणी करण्यात येत आहे’ म्हणजे कुणीतरी टिपणी लिहायला घेतली आहे. ‘विचाराधीन आहे’ हा त्याच्या थोडा पुढचा शब्द, आणि तो जड शब्द आहे. का ते खाली सांगते. ‘सल्लामसलत’ला विशेषण आहे का ते बघा. ‘संबंधित घटकांशी’ म्हणजे बाहेरच्या लोकांशी, ‘संबंधित मंत्रालयांशी’ म्हणजे सरकारच्या आत. आतली सल्लामसलत सुरू झाली असेल तर बहुतेक वेळा मसुदा कागदावर आलेला असतो, कारण मसुद्याशिवाय दुसरं मंत्रालय मत तरी कशावर देणार? आणि ‘विधायी विभागाच्या सल्ल्याने मसुद्याला अंतिम रूप देण्यात येत आहे’ असं दिसलं की तयारीला लागा. विधायी विभाग म्हणजे विधी व न्याय मंत्रालयातला, विधेयकं लिहिणारा विभाग. तिथून पुढे गोष्टी अचानक वेगाने घडू शकतात.

तुमच्या उत्तरात ‘संबंधित घटकांशी’ आहे. म्हणजे फाईल अजून मंत्रालयाच्या दारातच आहे, असं मी धरून चालेन. निराश होऊ नका. तुमचं म्हणणं मसुद्यात शिरवायची हीच वेळ असते. विधायी विभागात गेल्यावर स्वल्पविराम हलवणंही कठीण होतं.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती इथे सांगते. अशा उत्तरांच्या बातम्या होतात तेव्हा ‘विचाराधीन’चं ‘लवकरच’ होतं. मथळा येतो, ‘नवा कायदा लवकरच, मंत्र्यांची माहिती’. मूळ उत्तरात ‘लवकरच’ नसतोच, तो काढायला कुणीतरी पेन्सिल चालवलेली असते. मग संघटना वाट बघतात, गुंतवणूक थांबवतात, कर्ज काढायचं पुढे ढकलतात. दोनही सभागृहांची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर असतात, हिंदी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. प्रश्न क्रमांक आणि तारीख घेऊन मूळ उत्तर वाचल्याशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

‘केव्हा’ या शब्दाबद्दल आणखी थोडं. तुम्ही हा एक शब्द वापरलात, पण त्यात निदान पाच वेगळे प्रश्न दडलेले आहेत: मसुदा केव्हा प्रसिद्ध होईल, विधेयक केव्हा मांडलं जाईल, दोन्ही सभागृहांत केव्हा मंजूर होईल, राष्ट्रपतींची संमती केव्हा, आणि ते अमलात केव्हा येईल. तुमच्या धंद्याला शेवटच्या तारखेशी मतलब आहे, आणि नेमकी तीच सगळ्यात बेभरवशाची असते. कामगार संहिता बघा. वेतन संहिता 2019 मध्ये मंजूर झाली, उरलेल्या तीन सप्टेंबर 2020 मध्ये. चारही लागू झाल्या 21 नोव्हेंबर 2025 रोजी. मधल्या काळात कारखानदार आणि कामगार दोघेही ‘कायदा झाला की’ आणि ‘कायदा कुठे झालाय’ अशा दोन भाषांत बोलत होते, आणि दोघांचंही खरं होतं. कामगार हा समवर्ती सूचीतला विषय असल्याने राज्यांनाही आपापले नियम करायचे होते. तुमचा विषय त्या सूचीत असेल तर हा मधला काळ गृहीतच धरा.

कधीकधी फाईल सरकारच्या हाताबाहेरच्या कारणानेही मागे येते. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेली विधेयकं व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात. राज्यसभेत मांडलेलं आणि अजून तिथेच प्रलंबित असलेलं विधेयक मात्र टिकतं, राज्यसभेतून मंजूर होऊन लोकसभेत पडून राहिलेलं टिकत नाही. महिला आरक्षणाचं विधेयक 1996 मध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं, 2010 च्या मार्चमध्ये राज्यसभेने मंजूर केलं, आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबर तेही व्यपगत झालं. सप्टेंबर 2023 मध्ये नव्याने मांडावं लागलं तेव्हा कुठे मंजूर झालं. राज्यातही हाच नियम आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2024 मध्ये विधानसभेत मांडलं गेलं, विधानसभेची मुदत संपली, मग डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात पुन्हा मांडून ते संयुक्त समितीकडे गेलं आणि जुलै 2025 मध्ये मंजूर झालं. तेव्हा सभागृहाची किती मुदत उरली आहे, हे उत्तराशेजारी लिहून ठेवत जा. शेवटच्या वर्षातल्या ‘विचाराधीन’ला पहिल्या वर्षातल्या ‘विचाराधीन’इतकं वजन देऊ नका.

आता तो जड शब्द. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला दोन्ही सभागृहांची शासकीय आश्वासन समिती असते. लोकसभेची डिसेंबर 1953 पासून आहे, राज्यसभेची 1972 पासून. उत्तरातली कुठली वाक्यं आश्वासन धरायची याची एक ठरलेली यादी आहे. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’, ‘चौकशी सुरू आहे’, ‘सदस्यांना कळवण्यात येईल’ अशी वाक्यं त्यात येतात. आश्वासन नोंदलं गेलं की ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. जमलं नाही तर मंत्रालयाला समितीकडे मुदतवाढ मागावी लागते, कारण द्यावं लागतं, आणि समिती सचिवांना साक्षीला बोलावू शकते. आश्वासनं वर्षानुवर्षं प्रलंबित राहिल्याचे दाखले समितीच्याच अहवालांत सापडतात, त्यामुळे हे हत्यार रामबाण नाही. पण मंत्रालयाच्या आत त्याचा धाक असतो, हे मी अनुभवाने सांगते.

एकदा आमच्या विषयावरचा तारांकित प्रश्न यादीत वर लागला. तारांकित प्रश्नाचं छापील उत्तर चार ओळींचं, पण त्यावर सभागृहात तोंडी येणाऱ्या पूरक प्रश्नांसाठी जे टिपण करतात ते साठ-सत्तर पानांचं. प्रत्येक पानाला बाहेर डोकावणारी रंगीत पट्टी, म्हणजे मंत्र्यांना उभ्या उभ्या पान सापडावं. आदल्या रात्री उशिरापर्यंत आम्ही त्या पट्ट्या चिकटवत होतो. सकाळी मी सभागृहातल्या अधिकाऱ्यांच्या दीर्घेत (गॅलरीत) बसले. पहिला पूरक प्रश्न आकड्यांचा आला, मंत्र्यांनी पट्टी धरून बरोबर पान उघडलं. दुसऱ्याला सदस्य म्हणाले, ‘आकडे राहू द्या, पुढच्या अधिवेशनात आणणार का एवढंच सांगा.’ दीर्घेतून चिठ्ठी जायला वेळच नव्हता. मंत्री म्हणाले, ‘हो, पुढच्या अधिवेशनात आणण्याचा आमचा प्रयत्न राहील.’ बाकं वाजली. मला मात्र माहीत होतं की मसुदा राज्यांच्या अधिकाराच्या एका मुद्द्यावर दहा दिवसांपूर्वीच परत आला आहे.

मंत्री खोटं बोलले नव्हते. प्रयत्न खरंच चालू होता, आणि समोरच्या माणसाला काहीतरी ठोस सांगावं असं त्यांना वाटलं. पण ते वाक्य आश्वासन म्हणून नोंदलं गेलं. त्यानंतर आम्ही चार वेळा मुदतवाढ मागितली. प्रत्येक वेळी कारण लिहिताना ‘मसुदा कुठे अडलाय’ हे वरच्या पातळीवर पुन्हा विचारलं जायचं, आणि तिसऱ्या वेळेला त्या अडलेल्या मुद्द्यावर दोन मंत्रालयांचे सचिव एकत्र बसले. नाहीतर ती बैठक कधी झाली असती, कुणास ठाऊक. म्हणून तोंडी दिलेल्या त्या एका वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच प्रसंगानंतर आमच्या शाखेत लेखी उत्तरं मात्र आणखी सावध झाली. ‘विचाराधीन’ टाळून ‘ही निरंतर प्रक्रिया आहे’ असं लिहायची पद्धत पडली, म्हणजे आश्वासन नोंदलंच जाऊ नये. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. नागरिकाला एका ओळीत फाईलची जागा कळण्याचा हक्क आहे, आणि आश्वासनाच्या भीतीने ती ओळ पुसणं चूक आहे.

यातून तुमच्यासाठी काय निघतं? ‘कायदा करणे ही दीर्घ प्रक्रिया’ हे वाक्य त्याच सावध जातीचं आहे. म्हणून पुढचा प्रश्न असा हवा की त्याला प्रक्रियेचं वर्णन करून निसटता येऊ नये. इथे एक नियमही आडवा येतो: आधी उत्तर मिळालेला प्रश्न आशयाने तसाच पुन्हा विचारता येत नाही. जे उपलब्ध कागदपत्रांत आहे ते विचारलेलं चालत नाही, मत विचारलेलं चालत नाही, ‘समजा असं झालं तर’ हेही चालत नाही. प्रश्न 150 शब्दांत बसवायचा असतो. तुमच्या खासदारांनी ‘केव्हा आणणार’ परत टाकला तर तो फेटाळला जायची शक्यता बरीच आहे.

तुमच्या जागी मी असते तर साधारण असा मसुदा दिला असता: ‘(अ) अमुक तारखेच्या अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात नमूद केलेल्या सल्लामसलतीत आतापर्यंत किती बैठका, कोणत्या तारखांना झाल्या, (ब) किती लेखी सूचना आल्या व त्यांपैकी किती राज्य सरकारांकडून, (क) विधेयकाचा मसुदा पूर्व-वैधानिक सल्लामसलत धोरणानुसार जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध करण्यात आला आहे काय, असल्यास दिनांक, (ड) मसुदा इतर मंत्रालयांकडे अभिप्रायार्थ पाठवण्यात आला आहे काय, असल्यास कोणत्या व कधी?’

यात भविष्याबद्दल एक शब्द नाही. सगळं घडून गेलेलं विचारलंय. त्याला मंत्रिमंडळाच्या गोपनीयतेची आडकाठी फारशी येत नाही, आणि शाखेत बसलेल्या कक्ष अधिकाऱ्याला फाईल उघडून तारखाच लिहाव्या लागतात. ‘(अ) ते (ड)’ असं एकत्र उत्तर देणंही अवघड जातं. शून्य बैठका झाल्या असतील तर शून्य लिहावं लागेल, आणि शून्य लिहायची वेळ आली की सहसचिव आधी बैठक लावतात. हे मी होताना पाहिलंय.

भाग (क) मुद्दाम घातलाय. 2014 च्या फेब्रुवारीत केंद्राने सगळ्या मंत्रालयांना सांगितलं की कायद्याचा मसुदा, त्याच्या सोप्या भाषेतल्या टिपणीसह, किमान 30 दिवस जनतेसमोर ठेवावा. हे धोरण आहे, कायदा नाही. अनेक विधेयकं या वाटेने गेलेली नाहीत. पण संसदेत लेखी विचारलं की मंत्रालयाला ‘केलं’ किंवा ‘केलं नाही’ यांतलं एक निवडावं लागतं. केलं नसेल, तर तुमच्या संघटनेला पुढचं पत्र लिहायला भक्कम आधार मिळतो.

खासदार तारांकित प्रश्नासाठी प्रयत्न करणार असतील तर करू द्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका. कोणाचा प्रश्न वर लागणार ते सोडतीने ठरतं, आणि वीसपैकी पहिले मोजकेच प्रश्न तासाभरात तोंडी होतात. उरलेल्यांची लेखी उत्तरं पटलावर जातात. राज्यसभेतल्या एखाद्या सदस्यांमार्फतही विचारा, तिथली यादी वेगळी आणि सोडतही वेगळी. उत्तर अपुरं वाटलं आणि विषय सार्वजनिक महत्त्वाचा असेल तर त्या उत्तरावर अर्ध्या तासाच्या चर्चेची मागणी करता येते. हे साधन खासदार फारसं वापरत नाहीत, त्यांना आठवण करून द्या.

माहिती अधिकाराचा अर्जही सोबत टाका, पण त्यात मसुद्याची प्रत मागू नका. मंत्रिमंडळाच्या कागदांना कलम 8(1)(झ) खाली निर्णय होईपर्यंत सूट आहे, आणि तुमचा अर्ज त्यावर अडकून बसेल. बैठकांच्या तारखा, आलेल्या सूचनांची संख्या, तुमच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली, एवढंच मागा. आणि तुमच्या मंत्रालयाची विभागीय स्थायी समिती (खासदारांची समिती) दर वर्षी अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे मंत्रालयाच्या खर्चाच्या प्रस्तावावर, अहवाल देते, तो वाचा. येऊ घातलेल्या कायद्यांबद्दल मंत्रालयाने समितीपुढे सांगितलेलं कधीकधी सभागृहातल्या उत्तरापेक्षा बरंच मोकळं असतं, कारण तिथे सचिव समोर बसलेले असतात आणि सदस्य पाठोपाठ विचारत राहतात.

राहिला तुमच्या हातातल्या दोन ओळींचा प्रश्न. ते उत्तर आश्वासन म्हणून नोंदलं गेलंय का ते खासदारांच्या कार्यालयाला तपासायला सांगा. नसेल नोंदलं, तर ‘सल्लामसलत सुरू आहे’ हे आश्वासन धरावं असं पत्र सदस्य म्हणून ते समितीला लिहू शकतात. समिती मान्य करेलच असं नाही. मान्य केलं तर घड्याळ उत्तराच्या तारखेपासून मोजलं जातं, तुमच्या पत्राच्या नाही, म्हणून हे या आठवड्यातच करा. पुढच्या अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की तुमच्या मंत्रालयाच्या प्रश्नोत्तरांना ठरवून दिलेला दिवस कोणता आहे ते बघून वरचा मसुदा खासदारांकडे असा पोचवा की त्या दिवसाच्या किमान पंधरा दिवस आधी सूचना देता येईल. उत्तर आलं की प्रत्येक भागासमोर तारीख किंवा आकडा आहे का ते तपासा, आणि ज्या भागासमोर नसेल तेवढाच भाग शब्द बदलून पुढच्या वेळेसाठी बाजूला काढून ठेवा.